माझ्या दवाखान्यातील ‘ई-५२००’

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला आलेल्या महापुरात अडाजण भागातील माझ्या एका डॉक्टर स्नेह्यांच्या रुग्णनोंदींचा अक्षरशः लगदा झाला. ती ओली बाडे पाहिली तेव्हाच डिंडोलीतील आपल्या दवाखान्यात संगणक आणावयाचा, असे मी ठरविले. प्रत्यक्षात तो आला २००९ मध्ये, कारण जागेचे हप्ते चालू होते. विक्रेत्याचा आग्रह ‘कोअर टू ड्युओ’चा होता. मी त्याच घराण्यातील धाकटे भावंड घेतले : इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोअर ई-५२००.

ऑगस्ट २००८ मध्ये बाजारात आलेल्या या प्रोसेसरची कुंडली अशी : दोन कोअर, वेग २.५ गिगाहर्ट्झ, बस ८०० मेगाहर्ट्झ, ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञान, उष्णताभार ६५ वॅट. थोरल्या ई-८४०० चा वेग ३ गिगाहर्ट्झ आणि कॅश ६ मेगाबाइट. याची कॅश केवळ २. कॅश म्हणजे आपल्या टेबलावरचा औषधांचा ट्रे. ट्रे लहान असला की कपाटाकडे वारंवार जावे लागते, इतकेच. नोंदी आणि पावत्या यांसाठी तो मला कधी अपुरा वाटला नाही.

मे २०१२ मध्ये मात्र यंत्र विलक्षण मंदावले. नंदुरबारकडील एक यंत्रमाग कामगार घसादुखीसाठी आला होता. त्याची नोंद उघडेना, बाहेर रांग वाढत होती. मी ॲमॉक्सिसिलिन लिहून दिले. तो जिना उतरू लागला आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली : पेनिसिलिनची ॲलर्जी. मी धावत जाऊन कागद परत घेतला. यंत्रावर विसंबून मी त्याला तोंडी विचारलेच नव्हते, ही चूक माझीच.

विक्रेत्याचे निदान तयार होते : प्रोसेसर जुना झाला, बदला. मला ते तपासणीवाचून केलेले निदान वाटले. अखेर गल्लीतील एका तंत्रज्ञ मुलाने डबा उघडला. पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर यंत्रमागांच्या तंतूंचा जाड थर बसला होता. उष्णता बाहेर जात नसल्याने प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग घटवीत होता. ई-५२०० असा १.२ गिगाहर्ट्झपर्यंत उतरतो. मुलाने ब्रश फिरविला, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. त्याच संध्याकाळी नोंदी पूर्ववत उघडू लागल्या.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचे साहाय्य थांबले, तेव्हा मेमरी १ जीबीवरून ४ केली आणि विंडोज ७ घातले. प्रोसेसर तोच. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चेही साहाय्य संपले आणि रुग्णनोंदी नव्या यंत्रावर नेल्या.

ई-५२०० वर आता आमच्या कंपाउंडरांचा मुलगा मराठी टंकलेखन शिकतो. दर दिवाळीला त्याच्या पंख्यातून मूठभर तंतू निघतातच.