दारातला सब्जा आणि ताटलीतलं पाणी

खोलीला अंगण नसलं तरी दारात, खिडकीत किंवा जिन्याच्या कठड्याशी एखादा डबा मावतोच. त्यात सब्जा लावून पाहा. सब्जा तुळशीच्याच कुळातला. पण त्याला ना वृंदावन लागतं, ना पूजा. हिरवीगार पानं, पांढऱ्या-जांभळट मंजिऱ्या आणि हात लागला की घमघमाट! जांभळ्या पानांचा सब्जाही असतो. दारात तो फारच शोभून दिसतो.

फालुद्यासाठी दुकानात मिळणारं बी बहुधा उगवतं. तेलाचा 5 लिटरचा रिकामा डबा धुऊन घ्या. रंगाचा किंवा कीटकनाशकाचा डबा नको, कारण पानं आपण खाणार. तळाला चार-पाच भोकं पाडा. मातीत कुजलेलं शेणखत मिसळा. बी वरवर पेरून चिमूटभर मातीने झाका. ओलं होताच बियांवर बुळबुळीत थर चढतो. बी सडलं असं समजू नका. साधारण आठवडाभरात अंकुर दिसतात. दाटी झाली तर दोनच रोपं ठेवा.

रोज 4-5 तास ऊन मिळावं. मातीत बोट खुपसून पाहा, कोरडी लागली तरच पाणी घाला. तांदूळ किंवा भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. रोप वीतभर वाढलं की शेंडा खुडा, म्हणजे ते डेरेदार होतं. मंजिऱ्याही खुडत राहा. एखादी मधमाशांसाठी ठेवा.

आता महत्त्वाचं. ‘सब्जा लावला की डास येत नाहीत’, असं बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नका. नुसतं कुंडीतलं झाड डासांना अडवत नाही. उलट डब्याखालच्या ताटलीत पाणी साचलं, तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथेच अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून ताटलीतलं पाणी नुसतं ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती घासायलाच हवी.

नळाला तासभरच पाणी येतं, म्हणून आपल्याला पिंपं भरून ठेवावी लागतात. त्यांनाही घट्ट झाकण हवं, नाहीतर वर कापड ताणून बांधा. आठवड्यातून एकदा तीही रिकामी करून घासा.

घरात कुणाला ताप आला तर पानांच्या काढ्यावर दिवस काढू नका. रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठा.

रविवारी विहारात निघण्याआधी पाच मिनिटं काढा. पोरांना हाताशी घ्या, ताटली घासा, पिंपाचं झाकण पाहा. मग सब्जाचा वास खुशाल घरभर दरवळू द्या.