हवा धरलेले इंजिन

नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात, द्राक्षांचे मांडव आजच्याइतके दाट झालेले नव्हते आणि विजेचे खांब सर्व विहिरींपर्यंत पोहोचलेले नव्हते अशा काळात, आमच्या थारोळ्याशेजारी पत्र्याच्या छपराखाली एका सिलिंडरचे डिझेल इंजिन होते, आणि ते सुरू करणे हा घरातील कर्त्या माणसांच्या दिनक्रमातील पहिला विधी होता. हँडल घालून जड चाक फिरवावे, ते पुरेशा वेगात आले की माथ्यावरची कळ सोडावी, आणि पहिल्या ठोक्याबरोबर धुराचा एक गोळा आकाशात जावा, हा नित्याचा प्रकार. परंतु एके सकाळी माझे थोरले चुलतभाऊ घामाघूम होईपर्यंत हँडल मारीत राहिले आणि इंजिन मात्र मुके ते मुकेच राहिले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या आबांनी त्यांचा हात धरला आणि शांतपणे म्हटले, "फिरवून काय होणार? त्यानं हवा धरलीय."

पुढे जे झाले ते मी उकिडवा बसून पाहिले. आबांनी फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू पान्याने दोन आटे सैल केला; तेथून डिझेल फेसाळत, बुडबुडत बाहेर आले; फेस ओसरून धार अखंड झाल्यावर त्यांनी स्क्रू आवळला. त्याखालचे तांब्याचे वायसर मात्र त्यांच्या मनास आले नाही. ते त्यांनी चुलीतल्या निखाऱ्यांवर लाल होऊ दिले, चिमट्याने उचलून पाण्याच्या तांब्यात टाकले, आणि मगच परत बसविले. वापरून दाबले गेलेले तांबे कठीण होते व सांध्यात नीट बसत नाही. तापविले की ते पुन्हा मऊ होते. हे धातुशास्त्र आबांना कोणत्या पुस्तकाने शिकविले नव्हते.

या प्रसंगानंतर पुष्कळ वर्षांनी, डिसेंबरातील एका मावळतीस, मी एका स्नेह्याच्या शिडाच्या नौकेतून मालवणहून निघून मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्याखाली पोहोचलो असता वारा एकाएकी पडला. शीड डोलकाठीशी सैल लोंबू लागले, प्रवाह नौकेला हळूहळू एका अंगाला ओढू लागला, आणि ज्याच्या भरवशावर आम्ही नदीत शिरणार होतो त्या इंजिनाने किल्ली फिरविताच नुसते फिरण्याचा आवाज केला व पेट घेण्याचे नाकारले. स्नेही पुन्हा किल्लीकडे वळले, तोच आमच्याबरोबरचा मालवणचा वयस्क खलाशी नौकेच्या नाळेकडे जाता जाता म्हणाला, "आधी नांगर टाकू, दादा. इंजिन कुठे पळून जात नाही."

या एका वाक्यात बंद पडलेल्या नौकायंत्राच्या शास्त्राचे पहिले कलम आले. रस्त्यावरची मोटार बंद पडली तर ती जागच्या जागी उभी राहते. नौका तशी राहत नाही, आणि यंत्राशी झटापट करण्यात माणसे गुंतली असता ती खडकाकडे केव्हा गेली याचा पत्ता लागत नाही. म्हणून पाणी उथळ असेल तर नांगर, खोल असेल आणि वारा असेल तर शीड, असा प्रथम नौकेचा बंदोबस्त करावा. शिडाच्या नौकेत इंजिन हे मदतनीस आहे, धनी नव्हे. ज्या मांडवीच्या मुखाशी आम्ही नांगरून राहिलो होतो त्याच नदीच्या वरच्या अंगास दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही नौका बांधली गेली, आणि तीतून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती सारी शिडावर. अशा सफरीत नौकेला पुढे ढकलण्याचा हक्क इंजिनाला नसतो. बॅटऱ्या भारित करण्यापुरती त्याची चाकरी.

नांगर धरला याची खात्री पटल्यावर आम्ही चौकशीस बसलो. चौकशी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण न सुरू होणारे इंजिन हे मुके नसते. किल्ली फिरविताच ते आपली जबानी देते, आणि ती ऐकून घेण्याचे धैर्य तेवढे माणसापाशी लागते. किल्ली फिरवूनही काहीच आवाज झाला नाही, तर दोष बहुधा विजेचा: बॅटरीचा मुख्य स्विच बंद राहिला असेल, फ्यूज गेला असेल, किंवा गिअर न्यूट्रलमध्ये नसेल, कारण पुष्कळ नौकांत गिअर पडलेला असता सेल्फला वीज न देण्याची तजवीज केलेली असते. कट-कट-कट असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या पोलवर हिरवा-पांढरा क्षार चढला आहे. खाऱ्या हवेत हा क्षार फार लवकर चढतो. कित्येकदा पोल खरवडून, क्लॅम्प आवळून बसविला की सारे प्रकरण तेथेच मिटते. बारा व्होल्टची बॅटरी विसावलेल्या अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवीत असेल तर ती भरलेली, १२.२ ला आली तर निम्मी उतरलेली; परंतु खरी परीक्षा सेल्फ फिरत असतानाची, आणि त्या वेळी काटा साडेनऊच्या खाली गेला तर दुसरीकडे शोध करण्यात अर्थ नाही. एकच जड 'टक्' होऊन सर्व शांत झाले, तर सेल्फ अडकला असेल किंवा, याहून वाईट म्हणजे, सिलिंडरमध्ये पाणी शिरून दट्ट्या अडला असेल.

आमचे इंजिन यांपैकी काहीच करीत नव्हते. ते उत्साहाने फिरत होते, आणि फिरूनही पेटत नव्हते.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते; डिझेलमध्ये ती नसते. रुडोल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे जे यंत्र सिद्ध करून दाखविले त्याचे मर्मच हे की, सिलिंडरमधील हवा इतकी दाबावी की ती दाबानेच तापावी आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घ्यावे. हवा सुमारे विसाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर चढते. (हा मोठा मनुष्य १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून रात्री नाहीसा झाला, ही गोष्ट मला समुद्रावर असताना नेहमी आठवते.) तेव्हा असे इंजिन पेटण्यास पुरेसा वेग, पुरेशी हवा आणि योग्य क्षणी योग्य दाबाचे तेल, एवढेच लागते. पैकी तेल पोहोचते की नाही हे धूर सांगतो. सेल्फ फिरत असता पांढरट धूर निघाला तर तेल आत जाते आहे, पण पेटत नाही. धुराचा लवलेश नसला तर तेल पोहोचतच नाही. आमच्याकडे धूर नव्हता. डिझेल तोडणारी दांडी ओढलेली राहिल्यामुळेही असे होते, आणि जाणती माणसे तिच्यापायी तासन्‌तास इंजिन उकलीत बसल्याचे मी ऐकले आहे. म्हणून ती आधी पाहिली. ती आत होती. टाकीचा कॉक उघडा होता.

येथे स्नेह्यांचा हात पुन्हा किल्लीकडे गेला, आणि खलाशाने तो दुसऱ्यांदा अडविला. या अडविण्यामागील कारण शिडाच्या नौकेच्या प्रत्येक मालकाने हृदयाशी धरावे असे आहे. या नौकांत इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी धुराच्या नळीत सोडतात, आणि इंजिनाचा धूरच त्या पाण्याला बाहेर फेकतो. इंजिन पेटत नसले तरी सेल्फबरोबर पाण्याचा पंप फिरतच असतो. पाणी येत राहते, ते फेकणारा धूर नसतो, आणि नळीतील भांडे भरले की पाणी उलट चढून सिलिंडरमध्ये उतरते. वीस रुपयांच्या वायसरासाठी सुरू झालेले प्रकरण मग सारे इंजिन खोलण्यावर जाते. म्हणून सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक फिरवू नये, आणि पुन्हा पुन्हा फिरवावाच लागला तर तळाचा पाण्याचा कॉक बंद करून फिरवावा; मात्र पहिला ठोका पडताच तो उघडण्यासाठी एक माणूस तेथे हात ठेवून बसवावा, कारण पंपातील रबरी चक्र कोरडे फिरले तर थोड्याच वेळात फाटते.

आता राहिले तेल. निम्म्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, ते पाणी जड म्हणून तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात त्या सीमेवर सूक्ष्म बुरशी व जंतू वाढून काळपट चिकट गाळ तयार होतो. बंदरात नौका स्वस्थ असते तोवर तो तळाशी निजून राहतो. समुद्रावर हेलकावे बसू लागले की वर उठून फिल्टर बुजवितो. संकटाच्या घटकेलाच इंजिन दगा देते असे जे खलाशी म्हणतात त्यातील पुष्कळसा भाग या गाळाचा आहे. टाकी भरलेली ठेवणे आणि फिल्टरखालच्या भांड्यातील पाणी वेळच्या वेळी काढणे, हाच त्यावर उपाय.

डिझेलच्या स्वच्छतेविषयी इतका काटेकोरपणा का, हे नाशिककरास सांगावयास नको, कारण नोझल आणि इंजेक्टर बनविणारा मोठा कारखाना आमच्या सातपूरच्या वसाहतीत आहे, आणि त्याच्या शिफ्टच्या वेळांवर कित्येक घरांतील जेवणाच्या वेळा ठरत आल्या आहेत. नोझलची सुई आणि तिचे घर यांतील फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, दोन-चार मायक्रॉनमध्ये मोजतात. डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड. जुन्या धर्तीच्या इंजिनांत ही सुई उचलण्यास वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. तेल दाबले जात नाही, म्हणून पंपाचा धक्का त्यातून जसाच्या तसा सुईपर्यंत जातो; पण नळीत हवेचा एक बुडबुडा असला की तो स्पंजाप्रमाणे आकसून सारा धक्का पिऊन टाकतो आणि सुई हलत नाही. आबांच्या 'हवा धरली' या दोन शब्दांचा अर्थ एवढा सारा होता.

फिल्टर स्वच्छ निघाला, भांड्यात पाणी नव्हते. खलाशाने मग कंदील जवळ घेऊन प्रत्येक सांध्यावरून बोट फिरविले, आणि फिल्टरच्या माथ्यावरच्या स्क्रूखाली ते ओले झाले. जेथून तेल झिरपते तेथून हवाही आत जाते. स्क्रू काढला, वायसरावर एक आडवा चरा होता. दुसरे वायसर नौकेवर नव्हते.

ज्या नौकेने प्रथम कोठेही न थांबता एकट्या माणसाला पृथ्वीभोवती फिरवून आणले ती 'सुहेली' मुंबईस कुलाब्याला सागवानात बांधलेली होती. त्या १९६८-६९ च्या सफरीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना बॅटऱ्या भारित करणाऱ्या छोट्या यंत्रातील फट जुळवावयाची होती आणि मोजपट्टी जवळ नव्हती, तेव्हा त्यांनी आपल्या वहीची किती पाने मिळून एक इंच होतो हे मोजले आणि तीन पानांच्या जाडीवर ती फट बसविली. समुद्रावर दुकान नसते. जे आहे त्यातून भागवावे लागते.

मी खालच्या स्वयंपाकाच्या गॅसवर वायसर चिमट्यात धरले. ज्योतीत ते आधी काळे, मग मंद लाल झाले, आणि मगातल्या पाण्यात टाकताच चर्र करून शांत झाले. काचेवर बारीक सँडपेपर ठेवून त्यावर ते घासून चरा उतरविला व बसविले. पंपाच्या बुडाशी असलेली छोटी लिव्हर खलाशी अंगठ्याने हलवू लागला. तिला जोर लागेना, तेव्हा त्याने इंजिन हाताने अर्धा फेरा फिरवून घेतले, कारण आतला कॅम उंचावर थांबलेला असला की लिव्हर निर्जीव भासते. आता फेस आला, मग तुटक धार, मग काचेच्या सळईसारखी अखंड धार. स्क्रू आवळला. इंजेक्टरच्या नळीचा नट थोडा सैल ठेवून सेल्फ क्षणभर फिरविला, तेथेही तेल उडू लागताच नट आवळला.

मी तळाच्या कॉकवर हात ठेवून वाकून बसलो होतो. पहिला ठोका पडला, दुसरा चुकला, तिसऱ्यानंतर ते सलग बोलू लागले, आणि मी कॉक उघडला. मागून खलाशाची हाक आली, "पाणी टाकतंय!" धुराच्या नळीतून पाण्याची पिचकारी लयीत समुद्रात पडत होती. मग त्याने नांगराच्या साखळीला हात घातला.