पर्शियन मांजरांचा जोडधंदा करायचाय? जोडी आणण्याआधी हा हिशेब वाचा

दोन शेळ्या विकायच्या, त्या पैशात पर्शियन मांजरांची जोडी आणायची आणि वर्षभरात पिल्लं विकून पैसे दुप्पट करायचे. असा बेत आता तालुक्याच्या गावांतही ऐकू येतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत धंदा सोपा दिसतो. चारा नको, गोठा नको, एका खोलीत काम भागतं. पण जातिवंत मांजरांची पैदास करणाऱ्याचं रोजचं जगणं त्या व्हिडिओत येत नाही. रात्रीची जागरणं येत नाहीत आणि मेलेली पिल्लंही येत नाहीत. म्हणून आधी हे काम नेमकं काय असतं ते समजून घ्यायला हवं.

लांब केस म्हणजे वंशावळ नव्हे

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे गेलं की नामावळीत आपल्या घराण्याच्या पिढ्या सापडतात. जातिवंत मांजराचंही तसंच असतं. आई, बाप, आजी, आजोबा अशा तीन-चार पिढ्यांची नोंद एखाद्या संस्थेच्या वहीत असते आणि त्याचा दाखला मिळतो. या प्रकाराला वळण लागलं ते लंडनमध्ये. तिथे १३ जुलै १८७१ रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. पुढे जातींचे निकष ठरले, नोंदी ठेवणाऱ्या संस्था निघाल्या. अमेरिकेतली सीएफए १९०६ मधली, ब्रिटनमधली जीसीसीएफ १९१० मधली.

आपल्याकडे पर्शियन म्हणून विकली जाणारी पुष्कळ मांजरं अशा कागदाविनाच हातोहात जातात. तोंड चपटं, केस लांब, एवढ्यावर किंमत ठरते. कागद नसला म्हणून मांजर वाईट ठरत नाही. पण त्याचे आईबाप कोण, हे कळायला मार्ग उरत नाही. शेळीपालकाला हे सांगायला नको. एकाच बोकडाची पैदास कळपात फिरत राहिली की करडं अशक्त निघतात, म्हणून तो बोकड बदलतो. मांजरात भाऊ-बहीण किंवा बाप-लेक यांची जोडी लागली तर तोच प्रकार होतो. आणि विकणारा 'जोडी' म्हणून देतो ती कधी कधी एकाच वेताची भावंडं असतात.

माजापासून विण्यापर्यंत

मांजरी, म्हणजे भाटी, सहा महिन्यांच्या आसपासही माजावर येऊ शकते. तेव्हा तिची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नसते. जाणते पैदासकार ती वर्षाची झाल्याशिवाय बोका दाखवत नाहीत. माजावर आलेली भाटी रात्र रात्र ओरडते. गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा माज येतो. बोका भिंतीवर, पडद्यावर मुतून हद्द आखतो आणि तो वास धुऊनही लवकर जात नाही. घरातल्या माणसांची तयारी नसेल तर धंदा इथेच थांबतो.

गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. वेताला बहुधा तीन ते पाच पिल्लं होतात. चपट्या तोंडाच्या जातीत पिल्लाचं डोकं रुंद असतं, त्यामुळे ते अडकण्याची भीती जास्त. भाटी अर्धा तास जोराने कळा देतेय आणि पिल्लू बाहेर येत नाही, तर वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. कधी पोट फाडूनच पिल्लं काढावी लागतात. रात्री दोन वाजता हे ऑपरेशन करणारा डॉक्टर किती किलोमीटरवर आहे, हे भाटी गाभण राहण्याआधी ठाऊक असलं पाहिजे.

पहिले पंधरा दिवस

जन्मलेलं पिल्लू जेमतेम १०० ग्रॅमचं असतं. डोळे मिटलेले आणि अंगात ऊब धरायची ताकद नाही. थंडीच्या दिवसांत जागा उबदार ठेवली नाही तर ते गारठून मरतं. रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक पिल्लू ग्रॅमच्या काट्यावर तोलायचं. दिवसाला साधारण १० ग्रॅम वाढलं तर ठीक. वजन थांबलं किंवा घटलं तर पिल्लू आजारी दिसायच्या आधीच काटा सांगतो. आईला दूध नसेल तर पिल्लांसाठीचं तयार दूध दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गाईचं दूध त्याला पर्याय नाही. त्यात पिल्लाला पुरेसं प्रथिन नसतं, शिवाय पोट बिघडतं.

मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत म्हणतात. पण पहिल्या वेताची भाटी शेजारच्या पोरांच्या गर्दीने बिथरली तर पिल्लांना जवळही घेत नाही. म्हणून ते पंधरा दिवस पाहुण्यांना ती खोली बंद.

चिकातून येणारं मरण

सगळ्यात फसवा प्रकार रक्तगटाचा. मांजरांत ए, बी आणि एबी असे गट असतात. आई बी आणि बाप ए गटाचा असेल तर काही पिल्लं ए गटाची होतात. ती धडधाकट जन्मतात, चीक पितात आणि एक-दोन दिवसांत सुकायला लागतात. लघवी लालसर होते, अंग पिवळं पडतं, आणि पिल्लू जातं. बी गटाच्या आईच्या चिकातच ए गटाच्या रक्ताचा नाश करणारे घटक असतात. घरच्यांना वाटतं दृष्ट लागली, नाहीतर आईनेच मारलं. खरं तर जोडी लावण्याआधी दोघांची रक्तगट तपासणी केली असती तर ती पिल्लं वाचली असती.

दुसरा रोग किडनीचा. पर्शियन जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा दोष वंशातून येतो. आईबापांपैकी एकात जरी तो असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. लहानपणी काहीच दिसत नाही. किडनी निकामी होईपर्यंत बहुधा कित्येक वर्षं जातात आणि तोवर तो बोका पन्नास पिल्लांचा बाप झालेला असतो. या दोषामागचा जनुकातला बदल २००४ मध्ये अमेरिकेत सापडला. त्यामुळे आता रक्ताच्या किंवा गालाच्या आतल्या नमुन्यावरून तपासणी होऊ शकते. दोष असलेल्या बोक्याला पैदाशीतून काढायचं, एवढाच इलाज. पैसे घालून आणलेल्या बोक्याबद्दल हा निर्णय घेणं जड जातं. पण चांगला पैदासकार ओळखायचा तो इथेच.

ऊन, केस आणि औषधं

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात माणूस हैराण होतो. चपट्या नाकाच्या, लांब केसांच्या मांजराचं तर विचारूच नका. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर तो धोका समजावा. भारनियमन असलेल्या गावात कूलरवर भिस्त ठेवता येत नाही. रोज केस विंचरायचे, नाहीतर गुंता होऊन खाली कातडी सडते. डोळ्यांतलं पाणी पुसायचं, मातीची पेटी दिवसातून दोनदा साफ करायची. लांब केसांत गजकर्णही लवकर होतं आणि ते माणसालाही लागतं.

औषधांच्या बाबतीत एक चूक जिवावर बेतते. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. कुत्र्याच्या गोचीड-पिसवांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला विष ठरतं. डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही.

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू होते आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस द्यावे लागतात. मांजरांचा पार्वो हा रोग अख्खं वेत दोन-चार दिवसांत संपवतो. त्याचे विषाणू चपलेला चिकटूनही घरात येतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. गावात मोकळी फिरणारी मांजरं भरपूर, त्यामुळे ही काळजी शहरापेक्षा जास्तच घ्यावी लागते.

विक्रीचे नियम

पाळीव प्राण्यांच्या विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०१८ चे पेट शॉप नियम आहेत. विक्रीच्या जागेची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. यात फक्त शहरातलं दुकान येत नाही, आठवडी बाजार आणि ऑनलाइन विक्रीही येते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. घरून मोबाइलवर विकणाऱ्यानेही आधी पशुसंवर्धन विभागाकडे नोंदणीची चौकशी करावी. पिल्लू खोक्यात घालून बसच्या डिकीतून पाठवणं तर क्रूरताच.

मग उरतं किती?

मोठं मांजर दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं खातं. जोडीला वर्षाला सुमारे ४० किलो लागलं. दूध पाजणारी भाटी दुप्पट-तिप्पट खाते, ते वेगळं. आपल्या बाजारातला भाव घालून गुणाकार करा. त्यात लस, जंताचं औषध, रक्तगट आणि किडनीची तपासणी, एखादं ऑपरेशन मिळवा. भाटीची तब्येत जपायची तर वर्षाला एकच वेत. चारातलं एक पिल्लू दगावतं, हेही धरा. शेळीचं करडू विकलं गेलं नाही तर बांधावर चरतं, वजन धरतं, पुढच्या बाजारात त्याचा भाव वाढतो. मांजराचं पिल्लू चार महिन्यांचं झालं की गिऱ्हाईक 'मोठं झालं' म्हणून पाडून मागतं आणि तोवर ते रोज विकतचं खाणं खात असतं.

म्हणून नीट पैदास करणारे लोक या कामाकडे छंद म्हणून बघतात. पैसे सुटले तर ठीक, नाही सुटले तरी मांजरांची आबाळ होऊ देत नाहीत. तरीही करायचंच असेल तर एका तपासलेल्या भाटीपासून सुरुवात करावी. तपासण्यांसाठी परळ, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करता येईल.

आणि पिल्लू विकत घेणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात: आई बघायला मिळावी, लसीचं कार्ड मिळावं, आईबापांच्या तपासणीचे कागद मिळावेत. जो आई दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू कितीही गोजिरं असलं तरी घेऊ नये.