भुताच्या गोष्टीचा सौदा : इटलीची चित्रकथा, आपले ‘तुंबाड’ आणि कारागिराचा कागद

इटलीतील एका भयकथेवर सिनेमा निघाला, त्याचा आपल्या धंद्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. एकाने घडविलेली वस्तू दुसऱ्याने आपल्या भांडवलावर नव्या रूपात बाजारात आणणे, याला सिनेमाच्या धंद्यात रूपांतर म्हणतात. चाकण पट्ट्यात जॉबवर्क करणाऱ्या आपल्या बांधवांचा हा रोजचाच व्यवहार आहे. ड्रॉइंग एकाचे, पैसा दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे. कोणता भाग बदलायचा, कोणता बदलायचा नाही, नाव कोणाचे लागणार आणि हक्क किती वर्षांचा, हे ठरले नाही तर माल बिघडतो आणि संबंधही बिघडतात. म्हणून आज आम्ही दोन उदाहरणे वाचकांपुढे ठेवीत आहोत. एक इटलीचे, दुसरे आपल्या महाराष्ट्राचे.

डिलन डॉगची गोष्ट

मिलान शहरातील सर्जिओ बोनेल्ली यांच्या प्रकाशनाने ऑक्टोबर १९८६ मध्ये ‘डिलन डॉग’ नावाची मासिक चित्रकथा सुरू केली. लेखक तिझियानो स्क्लावी. कागद साधा, चित्रे काळी-पांढरी, विक्री वर्तमानपत्राच्या स्टॉलवर. नायक लंडनमध्ये राहणारा, पोलीस खात्यातून बाहेर पडलेला, भुताखेतांच्या प्रकरणांचा तपास करणारा माणूस. त्याच्या जोडीला ग्राउचो नावाचा विनोदी साथीदार. त्याचा चेहरा व बोलणे ग्राउचो मार्क्स या जुन्या अमेरिकन विनोदी नटावर बेतलेले. नायकाची गाडी म्हणजे काळ्या टपाची पांढरी, जुनी बीटल. ज्या फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना २००९ मध्ये आपल्या चाकणला सुरू झाला, तिचीच ही गाडी. भीती, हसू आणि उदासपणा यांचे हे मिश्रण इटलीच्या वाचकांना इतके भावले की चित्रकथा आजही निघते.

या नायकाचा चेहरा इंग्रज नट रूपर्ट एव्हरेट याच्यावरून काढला होता. १९९४ मध्ये दिग्दर्शक मिकेले सोआवी यांनी स्क्लावी यांच्याच एका कादंबरीवर ‘देल्लामोर्ते देल्लामोरे’ हा चित्रपट केला आणि मुख्य भूमिकेत एव्हरेटलाच घेतले. चित्रकथेचे नाव वापरले नाही, पण तिचा स्वभाव बरोबर उतरला. भयपटांच्या शौकिनांत या चित्रपटाला आजही मान आहे.

नावाने निघालेला मोठा चित्रपट आला २०११ मध्ये, अमेरिकेतून. दिग्दर्शक केव्हिन मनरो, नायक ब्रँडन राउथ. पण लंडन जाऊन अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स शहर आले. ग्राउचोच्या नावा-चेहऱ्याचे हक्क वेगळ्यांच्या हाती, त्यामुळे साथीदारच बदलला. गाडीचा रंगही उलटा झाला : गाडी काळी, टप पांढरा. म्हणजे नाव विकत घेतले, पण त्या नावाला ज्यांच्यामुळे किंमत होती त्या गोष्टी वाटेतच गळाल्या. खर्च सुमारे २ कोटी डॉलर. जगभरची कमाई त्याच्या निम्मीही झाली नाही.

यात निर्मात्यांनी मुद्दाम खोटेपणा केला असे आम्ही म्हणत नाही. परदेशी ग्राहकासाठी माल बदलावा लागतो. ग्राउचोची अडचण तर त्याआधीच दिसली होती. १९९९ मध्ये अमेरिकेत चित्रकथेची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हाच त्याची मिशी पुसून नाव फेलिक्स करावे लागले होते. उसन्या चेहऱ्यावर उभा केलेला माल आपल्या गल्लीत चालतो, मोठ्या बाजारात गेल्यावर मूळ मालक दारात उभा राहतो. दुसऱ्याचा ब्रँड छापून पिशव्या-टोप्या विकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढे २०१४ मध्ये इटलीतील चाहत्यांनी वर्गणी काढून याच नायकावर छोटा चित्रपट केला. हक्क त्यांच्याकडे नव्हते, म्हणून नफा न घेता तो फुकट दाखवला. प्रकाशकानेही बोध घेतला. ‘दाम्पिर’ या आपल्या दुसऱ्या भयचित्रकथेचा चित्रपट २०२२ मध्ये आला, तेव्हा बोनेल्ली स्वतःच निर्मितीत भागीदार होते. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. हक्क हाती असले म्हणजे नफा होतोच असे नाही, पण आपल्या मालाचे काय होते ते आपल्या डोळ्यांसमोर होते.

आपल्याकडचे ‘तुंबाड’

आता महाराष्ट्राकडे येऊ. भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके वाचनालयांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि ती भीती मनात राहिली. त्यातून पुढे ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट उभा राहिला. धारपांकडून म्हाताऱ्या आजीच्या भयाचा धागा आला. हस्तर, सोन्याची नाणी आणि पिढीजात हाव ही पटकथेची स्वतःची भर. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आले. राजगुरुनगरचे जुने नाव खेड आणि हे तुंबाडही खेड तालुक्यातलेच, पण रत्नागिरीच्या.

हा माल घाईने तयार झाला नाही. २०१२ मध्ये चित्रीकरण झाले, पण जोडून पाहिल्यावर मनासारखे उतरले नाही. पुन्हा लिहून, पुन्हा चित्रित करून काम २०१५ मध्ये संपले. पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यांची वाट पाहिली. वाडा हवा होता, तो आपल्याच जिल्ह्यात, सासवडला मिळाला. २०१८ मध्ये इटलीतच, व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली आणि १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आपल्याकडे लागला. पहिल्या वेळी धंदा बेताचाच झाला. पण १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला.

कारागीर बांधवांसाठी आणखी एक गोष्ट नोंदवतो. या चित्रपटाला २०१९ मध्ये मिळालेले तीन फिल्मफेअर पुरस्कार छायाचित्रण, कला-दिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांचे होते. नटाच्या चेहऱ्याला नव्हे, हाताच्या कामाला.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली तर फरक दिसतो. अमेरिकन निर्मात्यांनी नाव राखले आणि भार उचलणारे भाग काढले. ‘तुंबाड’च्या मंडळींनी नावे व प्रसंग हवे तसे बदलले, पण ज्यावर गोष्ट उभी होती ती भीती, तो पाऊस, तो वाडा यांना तडजोड केली नाही. यंत्राचा रंग बदलला तर चालते, बेअरिंग बदलून चालत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. व्यापाऱ्याने त्यातील एवढे तरी माहीत करून घ्यावे :

१. हक्क देणे-घेणे लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने झाले पाहिजे. तोंडी शब्द पुरत नाही.

२. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

३. हक्क घेणाऱ्याने १ वर्षात तो वापरला नाही, आणि करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर तो हक्क संपुष्टात येतो.

४. हक्क विकला तरी ‘हे काम माझे’ असे सांगण्याचा आणि नावाला बट्टा लागेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा लेखकाचा अधिकार राहतो.

५. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे धारपांच्या कथांचा हक्क २०६८ अखेरपर्यंत आहे.

६. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले. नुसत्या शीर्षकावरही हा हक्क मिळत नाही, असा निकाल २०१५ चा आहे.

आपल्या दुकानात हे कसे लागू पडते

राजगुरुनगरचा सुतार जाळीचा नवा नमुना काढतो, चाकणचा फॅब्रिकेटर गेटची नक्षी बसवतो, भोसरीचा डाय बनवणारा स्वतःच्या अकलेने फिक्स्चर सुधारतो. ग्राहक नमुना पाहून जातो आणि तोच माल दुसरीकडून शेकड्याने बनवून घेतो. आपण म्हणतो, ‘चोरी झाली.’ पण कायद्याच्या दारात गेल्यावर पहिला प्रश्न येतो : कागद कुठे आहे?

येथे एक खाच आहे. कारखान्यात बनणाऱ्या वस्तूचा आकार किंवा नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता येत असेल आणि ती न नोंदवता ५० पेक्षा जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइट जातो. अशा वस्तूसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. नोंदणी झाली तर १० वर्षे आणि मुदत वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र अर्ज माल बाजारात किंवा प्रदर्शनात मांडण्यापूर्वी झाला पाहिजे. नोंदणी वस्तूच्या रूपाला मिळते, ती कशी चालते याला नाही. फिक्स्चरच्या सुधारणेसाठी पेटंटचा मार्ग वेगळा आहे.

हेच उलट बाजूनेही खरे आहे. कंपनीने दिलेले ड्रॉइंग ही आपल्याकडची अमानत आहे. त्यावरून दुसऱ्यासाठी माल काढणे म्हणजे दुसऱ्याची गोष्ट परवानगीशिवाय पडद्यावर आणण्यासारखे.

तेव्हा पुढचा नमुना ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी एवढे करावे : त्याचा फोटो व माप तारखेसह वहीत चिकटवावे, चलनावर ‘नमुना, हक्क राखून’ असे लिहून ग्राहकाची सही घ्यावी आणि कामाच्या करारात चार ओळी ठेवाव्यात. काय दिले, किती काळासाठी, कोणत्या भागाला हात लावायचा नाही आणि नाव कोणाचे. चार ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात. त्या नसल्या तर वकिलाकडे हेलपाटे घालताना वर्षे जातात.