पुसद यवतमाळच्या निम्म्यावर का थांबलं नाही?

देशातली शहरं लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावली, तर दुसरं शहर पहिल्याच्या साधारण निम्मं भरतं, तिसरं एक तृतीयांश. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स आउअरबाख यांनी १९१३ मध्येच हा क्रम दाखवला होता. नाव मात्र चिकटलं नंतरच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ झिफ यांचं. असो!

आता हाच नियम आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ सुमारे १ लाख १६ हजार. म्हणजे पुसद ५८ हजारांच्या आसपास हवं. आहे ७३ हजार! तिसरं वणी ३९ हजार हवं, तर तेच ५८ हजारांवर. पुसदची बाजारपेठ यवतमाळच्या भरवशावर नाही, वणीला कोळसा आहे. शिवाय जिल्हा म्हणजे नकाशावरची सरकारी रेघ. हा नियम मोठ्या, एकसंध प्रदेशातच बरा जुळतो.

त्याच जनगणनेत राज्यात उलटा प्रकार. ठाणे-कल्याण धरून मुंबई १ कोटी ८४ लाख, पुणे पिंपरी-चिंचवडसह जेमतेम ५० लाख. देशात मात्र मुंबईला खेटून दिल्ली १ कोटी ६३ लाख, कोलकाता १ कोटी ४१ लाख. फ्रान्समध्ये पॅरिस एकटंच थोरलं. आपल्याकडे मात्र दिल्ली सोडूनही ब्रिटिशांच्या तीन इलाख्यांच्याच तीन राजधान्या होत्या, म्हणून एकच शहर थोरलं झालं नाही.