माळ्यावरची आगगाडी आणि तिचा ट्रान्सफॉर्मर

सांताक्रूझच्या जुन्या घरांत माळा आवरताना अजूनही कधीतरी एखादं खोकं निघतं. बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी आणलेली खेळण्यातली आगगाडी, गंजके रूळ आणि विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर. नातवंडं लगेच प्लग शोधायला धावतात. मंडळी, तिथंच त्यांना थांबवा.

आधी ट्रान्सफॉर्मरवरची पट्टी वाचा. '115 व्होल्ट, 60 सायकल' असेल तर तो अमेरिकेतला, बहुधा लायोनेल कंपनीचा. आपल्या घरात येते ती वीज 230 व्होल्ट, 50 सायकलची. थेट जोडलात तर आतलं वेटोळं जळेल. मध्ये 230चे 110 करणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी सायकली 50च राहतात, आणि लोखंडी गाभा नेहमीपेक्षा जास्त तापतो. लायोनेलचा सगळ्यांत नावाजलेला 'झेडडब्ल्यू' 1948 साली आला. सुरुवातीच्या पट्टीवर 250 वॅट, नंतरच्यांवर 275. बाहेरून दोघे जुळे भाऊ! शिवाय हा आकडा भिंतीतून ओढलेल्या विजेचा. रुळांवर पोचते ती बरीच कमी.

खरी फसगत तीन रुळांची. जर्मनीची मर्क्लिन तीन रुळांची, तशीच 1938 साली निघालेली इंग्लंडची हॉर्नबी-डब्लोही. पण मर्क्लिनला लागतो एसी, 16 व्होल्टपर्यंत. तिचं बटण शून्याच्या मागे ढकललं की 24 व्होल्टचा झटका बसतो आणि गाडी दिशा बदलते. हॉर्नबी-डब्लोला मात्र 12 व्होल्ट डीसी हवा. तिला मर्क्लिनचा ट्रान्सफॉर्मर लावलात, तर ती जागच्या जागी गुरगुरेल, तापेल, पण हलणार नाही. म्हणून रूळ मोजू नका. बाहेर पडणाऱ्या विजेपुढे एसी लिहिलंय की डीसी, ते पाहा.

लोकलने जाणाऱ्यांना हा एसी-डीसीचा घोळ नवा नाही. 1928 साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली ती 1500 व्होल्ट डीसीवर. पश्चिम मार्गावर 25 हजार व्होल्ट एसीचं काम पुरं झालं 2012 साली. मधल्या काळात दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या होत्या. खेळण्याला ती सोय नाही.

आणि पट्टी जुळली, तरी वायर हळूच वाकवून बघा. रबराचा भुगा पडला, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून ती बदलून घ्या. या जुन्या खोक्यांना बहुधा अर्थिंग नसतं, आणि खेळणारी बोटं लहान असतात.