ओल कोणी टिपायची?

बाळाच्या डायपरमध्ये साखरेसारखे पांढरे दाणे असतात. त्यांचा आणि आपल्या चळवळीचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. रसायनशास्त्रात या पदार्थाला सोडियम पॉलिअॅक्रिलेट म्हणतात. आपण त्याला महाशोषक भुकटी म्हणू. शुद्ध पाण्यात टाकली की ही भुकटी स्वतःच्या वजनाच्या कित्येक शे पट पाणी पिते, फुगते आणि तिची जेली होते. कापूस पिळला की पाणी सोडतो. ही जेली दाबली तरी सोडत नाही. सारी करामत एवढ्यात आहे.

ही भुकटी मुळात डायपरसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत स्टार्चवरचे प्रयोग चालू होते, त्यातून तिची पहिली रूपे निघाली. जमिनीत ओल धरून ठेवणे हा त्यामागचा एक हेतू होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ती सॅनिटरी पॅडमध्ये आली, १९८० च्या दशकात डायपरमध्ये आली आणि मग उद्योगांनी तिला उचलले. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा हायड्रोजेल' हा तिचा देशी भाऊबंद तयार केला. एका हेक्टरला तो काही किलोच पुरतो. चांगली गोष्ट आहे. पण ओल धरायला आधी जमीन लागते, आणि ती ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारावे लागले, हे आम्ही विसरू शकत नाही.

असो. आज ही भुकटी कुठे कुठे काम करते ते पाहा. रस्त्याखाली टाकलेल्या ऑप्टिकल फायबर केबलमध्ये तिची पट्टी गुंडाळलेली असते. केबलला चीर पडून पाणी शिरले तर पट्टी फुगते आणि पाण्याची वाट बंद होते. खोदकामातला पातळ चिखल ट्रकमधून सांडू नये म्हणून ती त्यात मिसळतात. परदेशातील शस्त्रक्रियागृहांत रुग्णाच्या शरीरातून ओढलेले रक्त आणि पाणी ज्या डब्यात जमते, त्या डब्यात ती टाकतात. द्रवाची जेली झाली की डबा उचलणाऱ्या कामगाराच्या अंगावर रक्त उडत नाही. हा शेवटचा उपयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो यंत्रासाठी नाही, कामगारासाठी आहे.

पण ती काही जादू नाही. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर फुकुशिमा अणुप्रकल्पातील दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीजवळच्या खड्ड्यातून किरणोत्सारी पाणी समुद्रात जाऊ लागले. तेव्हा एप्रिलमध्ये हीच भुकटी, लाकडाचा भुसा आणि वर्तमानपत्रांचे कपटे एकत्र ओतून गळती बुजवायचा प्रयत्न झाला. तो फसला. अखेर सोडियम सिलिकेट, म्हणजे काचपाणी, ओतून ६ एप्रिलला गळती थांबली. शिवाय खारट पाण्यात या भुकटीची भूक खूपच कमी होते. शुद्ध पाण्यातले शे-दोनशे पटींचे आकडे लघवीत काही दहा पटींवर येतात. तेल तर ती पीतच नाही.

तेलासाठी त्याच डायपरचा दुसरा भाग उपयोगी पडतो. कडेने ओल बाहेर येऊ नये म्हणून जो कापडासारखा थर असतो, त्यात पॉलिप्रॉपिलिनचे अतिबारीक धागे असतात. २०२० मध्ये मास्कच्या निमित्ताने 'मेल्टब्लोन' हा शब्द सगळ्यांच्या कानावर आला, तेच हे कापड. ते पाण्याला दूर ठेवते आणि तेल मात्र आपल्या वजनाच्या दहा-पंधरा पट पिते. त्याच्या चादरी आणि लांबलचक गुंडाळ्या बनतात, त्या बंदरात, रिफायनरीत, कारखान्यांत तेल सांडल्यावर वापरतात. हे तंत्र जुने आहे, बाजारात मिळते आणि त्यात गुपित काही नाही.

आता चेन्नईजवळच्या एण्णूरला या. २८ जानेवारी २०१७ रोजी तिथे बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि जळणाचे काळे, चिकट तेल किनाऱ्याला लागले. त्यानंतरची छायाचित्रे देशाने पाहिली : माणसे रांगेत उभी आहेत आणि हातातल्या बादल्यांनी तेलाचा गाळ उपसत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात त्याच एण्णूरच्या खाडीत पुन्हा तेल पसरले, आणि मच्छीमार होड्यांतून मगांनी तेल गोळा करताना दिसले. मेल्टब्लोनचा शोध लागून तेव्हा अर्धे शतक उलटले होते. घट्ट झालेला गाळ टिपायला चादर पुरत नाही, तो उपसावाच लागतो, असे तज्ज्ञ सांगतील. मान्य! पण त्यासाठी पंप असतात, आणि उपसणाऱ्याला कोपरापर्यंत हातमोजे देता येतात.

इथे आम्हाला मुद्द्यावर यायचे आहे. या देशात सांडलेले टिपण्याचे साधन म्हणून माणूस सर्वांत स्वस्त आहे, म्हणून दुसरे साधन विकत घेतले जात नाही. तो स्वस्त का आहे, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगायला नको. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी झाली. २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्यांतले दोन-तृतीयांशांहून अधिक अनुसूचित जातींचे निघाले. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस धोकादायक पद्धतीने उतरवायला बंदी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. एकाच रस्त्याखाली केबलला ओलीपासून वाचवायला शोषक पट्टी आहे आणि शेजारच्या मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस उघडा आहे! गटारातला विषारी वायू कोणतीही भुकटी शोषत नाही, तिथे यंत्रच लागते. म्हणून कोणी शोषक साहित्य दाखवून 'आम्ही आधुनिक झालो' म्हणू लागला तर तेही ऐकून घेऊ नये.

तंत्र कामगाराच्या विरुद्धही वळवता येते, याचा दाखला अमेरिकेतला आहे. तिथल्या कोंबडी-मांस कारखान्यांतील कामगारांना लघवीला जायची सुट्टी मिळत नाही, म्हणून काही जण डायपर बांधून कामाला येतात, असे ऑक्सफॅम अमेरिका या संस्थेने २०१६ च्या अहवालात नोंदवले. पट्टा थांबू नये म्हणून माणसाच्या शरीरातले पाणीच अडवले गेले.

आणि वापरलेली पॅड, वापरलेले डायपर जातात कुठे? पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी आहे. तिच्यातील बहुसंख्य कचरावेचक दलित स्त्रिया आहेत. उघड्या हातांनी दुसऱ्याचे रक्त चिवडावे लागते, हे त्यांनी शहराला ऐकवले. पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी त्यांनी घरोघर नेली. 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या या भगिनींनी २०१३ मध्ये वापरलेली पॅड थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पाकिटासोबत वेष्टन द्यावे ही तरतूद आली, त्यामागे अशा भगिनींचा आवाज होता. वापरलेल्या पॅडमधून लगदा आणि प्लास्टिक वेगळे काढण्याचे काम आता पुण्यातच पॅडकेअर लॅब्जसारखे नवे उद्योग करू लागले आहेत. त्या मालाला उद्योगात गिऱ्हाईक मिळेल, पैसा येईल. त्या पैशात कचरावेचक भगिनीचा वाटा मालकीचा असणार की पुन्हा रोजंदारीचा, हे आजच ठरवून घेतले पाहिजे.

गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवायचे तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही आणि यंत्राचे दुष्परिणाम हा समाजरचनेचा दोष आहे, अशी त्यांची मांडणी होती. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना पाण्याच्या मोठ्या योजनांना त्यांनी दिशा दिली, तीही याच दृष्टीने. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तंत्रज्ञानाला 'तो त्यांचा विषय' म्हणून बाजूला ठेवू नये.

काम छोट्या गोष्टींपासून करता येईल. प्रत्येक नगरपालिका, सरकारी रुग्णालय आणि औद्योगिक वसाहत दरवर्षी खरेदी करते. त्या निविदांत शोषक चादरी, द्रव घट्ट करणारी भुकटी आणि रबरी हातमोजे किती घेतले, ते कोणत्या कामगाराच्या हातात पडले आणि कंत्राटदाराच्या माणसांना मिळाले की फक्त कायम कामगारांना, हे माहिती अधिकारात विचारावे. मागील तीन वर्षांची बिले आणि साठा नोंदवहीच्या प्रती मागाव्यात. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, न दिल्यास पहिले अपील त्याच कार्यालयात करायचे असते.